छोटा लेथ सीएनसी करायचाय, मशीन कोणतं घ्यावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हाताने चालणारा छोटा मेटल लेथ सीएनसी करायचं, म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमवर चालवायचं, मनात आलं की लोक मोटर, ड्रायव्हर आणि सॉफ्टवेअरबद्दल महिनोन्‌महिने वाचत बसतात आणि मशीन मात्र समोर दिसेल ते उचलतात. माझ्या मते क्रम उलटा हवा. मोटर पुढच्या वर्षी बदलता येते, ड्रायव्हर जळला तर दुसरा बसतो. बेड, म्हणजे ज्यावर सगळं सरकतं तो लेथचा पाया, वाकडा निघाला तर मात्र सगळं काम त्याच वाकडेपणावर उभं राहतं. खालची उत्तरं याच हिशेबाने लिहिली आहेत: जे पुढे बदलता येणार नाही, ते आधी तपासा.

सीएनसी केल्यावर मूळ लेथमधलं काय उरतं?

वाटतं त्यापेक्षा बरंच कमी. बेड, त्याच्या टोकावरचा हेडस्टॉक, त्यात जॉब फिरवणारा स्पिंडल, बेडवर लांबीने सरकणारा सॅडल आणि त्याच्यावर आडवी सरकणारी क्रॉस स्लाइड एवढंच खरं टिकतं. सॅडल सरकवणारा लीड स्क्रू, त्याला पकडणारा हाफ नट, एप्रनमधले गिअर, चेंज गिअरचा सेट, फीडचा गिअरबॉक्स, रॅक, थ्रेडिंग डायल, हँडलवरच्या आकड्यांच्या चकत्या हे सगळं निघतं. बहुतेक वेळा कंपाउंड स्लाइडही (क्रॉस स्लाइडवरची, कोनात वळवता येणारी छोटी स्लाइड) निघते, कारण टेपर, म्हणजे निमुळता आकार, कापायला आता दोन अक्ष एकत्र चालणार असतात. तिच्या जागी लोखंडाचा भरीव ठोकळा बसवला की टूल पोस्ट जास्त घट्ट उभा राहतो.

म्हणून जाहिरातीत ज्या गोष्टी ठळक लिहिलेल्या असतात, त्यातल्या निम्म्या तुमच्या कामाच्या नाहीत. किती प्रकारचे आटे पाडता येतात, ऑटो फीड आहे का, क्रॉस फीड पॉवरवर चालतो का, याला इथे किंमत शून्य. ज्या मशीनचा गिअरबॉक्स तुटलाय किंवा हाफ नट झिजलाय म्हणून कोणी घेत नाही, ते तुमच्यासाठी उत्तम ठरू शकतं.

याचं चांगलं उदाहरण म्हणजे ९×२० (इंचातला व्यास आणि लांबी) या नावाने ओळखले जाणारे बेंच लेथ. त्यांचा सर्वांना माहीत असलेला दोष म्हणजे कंपाउंड स्लाइड फक्त दोन बोल्टवर धरलेली असते आणि पार्टिंग (जॉब दांड्यापासून कापून वेगळा) करताना ती हलते. सीएनसी करताना ती स्लाइडच काढायची असल्यामुळे हा दोष आपोआप संपतो.

किती मोठा लेथ घ्यावा?

आधी तुम्हाला करायच्या जॉबची यादी करा आणि त्यातला सर्वांत मोठा नव्हे, तर सर्वांत नेहमीचा जॉब बघा. बहुतेकांचं नव्वद टक्के काम २५ मिमी व्यासाच्या आत आणि ६० मिमी लांबीच्या आत असतं. एखाद्या वेळी लागणाऱ्या लांब शाफ्टसाठी लांब बेड घेतला, तर तो बेड वर्षभर वजन आणि जागा खात बसतो. शिवाय तेवढ्या लांबीचा बॉल स्क्रूही (नटमध्ये गोळे असलेला, सैलपणा जवळपास नसलेला स्क्रू) घ्यावा लागतो.

लेथच्या पाटीवरचा स्विंग म्हणजे बेडवर फिरू शकणारा मोठ्यात मोठा व्यास. कामाचा आकडा तो नाही. क्रॉस स्लाइडवरून किती व्यास फिरतो ते विचारा, कारण सीएनसीत जॉब जवळपास नेहमी स्लाइडच्या वरच असतो. छोट्या मशीनवर हा आकडा पाटीवरच्या आकड्याच्या निम्म्याजवळ येतो.

दोन मशीन सारख्या स्विंगची असतील, तर जड असेल ते घ्या. मिनी लेथ सुमारे ४० किलोचा असतो आणि ९×२० शंभर किलोच्या वर जातो. हा फरक कट घेताना लगेच हाताला कळतो. हाताने चालवताना आपण आवाज ऐकून फीड कमी करतो, चॅटर (टूलची थरथर) सुरू झालं की हात आपोआप थांबतो. प्रोग्रॅमला कान नसतात. जे काम हात सांभाळून घेत होता, ते आता मशीनच्या वजनाला आणि घट्टपणाला सांभाळावं लागतं.

स्पिंडलमधल्या भोकाला एवढं महत्त्व का देतात?

कारण सीएनसी लेथची खरी मजा एकाच दांड्यातून एकामागोमाग जॉब काढण्यात आहे. दांडा स्पिंडलमधून मागून पुढे सरकवता आला तर प्रत्येक वेळी जॉब बांधावा लागत नाही. मिनी लेथच्या स्पिंडलला पुढे मोर्स टेपर ३ (ठरलेल्या मापाची निमुळती खोबण) आणि आरपार २० मिमीचं भोक असतं. शेरलाइन या आणखी छोट्या लेथचं भोक जेमतेम १० मिमीचं आहे. छोटे स्क्रू, नट, घड्याळाचे भाग करायचे असतील तर १० मिमी पुरतं.

इथे एक चूक बरेच जण करतात. भोक २० मिमीचं आहे म्हणून खूश होतात आणि मग मोर्स टेपरच्या दांड्याचा कोलेट चक (जॉबभोवती सगळीकडून आवळणारी पकड) घेतात. तो मागून ड्रॉबारने ओढून धरावा लागतो, म्हणजे भोक बुजलं. दांडा आरपार न्यायचा असेल तर स्पिंडलच्या तोंडावर बोल्टने बसणारा ईआर (कोलेटची एक ठरलेली मालिका) कोलेट चक हवा. ईआर २५ मध्ये १६ मिमीपर्यंतचा दांडा धरता येतो, ईआर ३२ मध्ये २० मिमीपर्यंत. मशीन बघायला जाताना स्पिंडलच्या तोंडाला असा चक बसवायला जागा आहे का, हेही बघा.

चक आट्यांवर बसतो की बोल्टवर, याने काय फरक पडतो?

खूप पडतो. मायफोर्ड ७ मालिकेतले जुने लेथ, शेरलाइन, बरेचसे ९×२० यांचा चक, म्हणजे जॉब पकडणारा भाग, स्पिंडलच्या नाकावर आट्यांनी चढतो. सरळ फिरताना कटचा जोर चकला घट्टच करतो, त्यामुळे हाताच्या कामात काही बिघडत नाही. सीएनसीत मात्र स्पिंडल उलटा फिरवण्याची, झटकन थांबवण्याची सवय लागते. व्हीएफडीने (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हने) एका सेकंदात ब्रेक मारला, तर जड चक स्वतःच्या वेगाने पुढे फिरत राहतो आणि आट्यांवरून सुटू शकतो. हजार आरपीएमला सुटलेला चक काय करतो, हे सांगायची गरज नाही.

मिनी लेथचा चक फ्लँजवर तीन स्टडने बसतो, मोठ्या मशीनवर कॅमलॉक (किल्लीने फिरवून अडकवायची पकड) असतो. दोन्ही सीएनसीसाठी सुरक्षित. आट्यांचा स्पिंडल असेल तर घेऊ नका असं नाही. मागून पकडणारा क्लॅम्प मिळतो का ते बघा. नसेल तर थांबण्याचा वेळ मोठा ठेवा आणि उलट्या दिशेने कट घेऊ नका.

स्पिंडल कसा तपासायचा?

मॅग्नेटिक स्टँडवर ०.०१ मिमीचा डायल गेज न्या. त्याहून बारीक असेल तर उत्तम. चक काढा आणि गेजची टोच स्पिंडलच्या आतल्या टेपरवर लावा, हाताने हळू फिरवा. चकवर मोजू नका. चकचाच रनआउट (फिरताना मध्यापासून हलणं) बहुतेक वेळा स्पिंडलपेक्षा जास्त असतो आणि तुम्ही चांगल्या स्पिंडलला नावं ठेवाल. छोट्या लेथवर टेपरमध्ये ०.०१ मिमीच्या आत रनआउट आला की समाधान माना. मग टोच स्पिंडलच्या तोंडावर लावून पुढे-मागे किती हलतो ते बघा.

त्यानंतरची तपासणी लोक विसरतात. चकमध्ये जाड दांडा पकडा, गेज स्पिंडलच्या नाकावर लावा आणि दांडा हाताने वर-खाली जोरात दाबा. काटा हलून परत मूळ जागी आला तर ती लवचीकता आहे, थोडी चालते. काटा हलून तिथेच राहिला किंवा टक्‌ असा आवाज आला, तर बेअरिंगमध्ये प्ले, म्हणजे सैलपणा, आहे. मिनी लेथवर बहुधा साधे डीप ग्रूव्ह बॉल बेअरिंग येतात. तिथे त्याच आतल्या-बाहेरच्या व्यासाचे टेपर रोलर बसवणं हा जुना आणि चांगला उपाय आहे. त्यामुळे झिजलेलं बेअरिंग हा मशीन नाकारण्याचा मुद्दा नाही, पण स्पिंडलची जर्नल किंवा हेडस्टॉकची सीट (बेअरिंग ज्यावर आणि ज्यात बसतं त्या जागा) झिजलेली असेल तर पुढे जाऊ नका.

बेड झिजलाय का, हे बघून कळतं का?

डोळ्यांनी फारसं कळत नाही, हाताने कळतं. बेड सर्वांत जास्त झिजतो तो चकच्या जवळ, कारण तिथेच रोज काम होतं. सॅडल टेलस्टॉकच्या (चकसमोर जॉबला आधार देणाऱ्या भागाच्या) टोकाला न्या आणि तिथे तो जेमतेम घट्ट सरकेल असं त्याच्या खालच्या पट्ट्या कसून घ्या. मग तो चककडे आणा. वाटेत तो हळूहळू सैल होत गेला तर तेवढी झीज आहे.

पण झीज कुठल्या दिशेला आहे हे महत्त्वाचं. टूल ०.१ मिमी खाली गेलं आणि जॉबची त्रिज्या १० मिमी असेल, तर त्रिज्येत फरक पडतो ०.०००५ मिमीचा. मोजताही येणार नाही. तेच टूल ०.१ मिमी आडवं सरकलं तर व्यासात सरळ ०.२ मिमीचा फरक. म्हणजे उभी झीज फार मनावर घेऊ नका, आडव्या झिजेला मात्र घाबरा. एकदा मी वरून आरशासारखा चमकणारा बेड बघून भाळलो होतो. व्ही आकाराच्या रुळाची पुढची बाजू इतकी झिजली होती की १०० मिमीच्या कटवर टेपर आला. तो मी प्रोग्रॅममध्ये भरून काढला, पण प्रत्येक नव्या लांबीला पुन्हा नवी भरपाई करावी लागायची.

शक्य असेल तर जागेवरच कट घेऊन बघा. २५ मिमीचा दांडा चकमधून १०० मिमी बाहेर काढा, टेलस्टॉकचा आधार न देता अगदी हलका कट घ्या आणि दोन्ही टोकं मायक्रोमीटरने मोजा. फरक आला तरी लगेच नकार देऊ नका. बेड टेबलावर वाकडा बोल्ट केला असेल तरी असा फरक येतो आणि पायाखाली शिम (पातळ पत्रे) घालून तो जातो. नंतर एक फेसिंग (दांड्याचं तोंड सपाट कापणं) करून त्यावर पट्टी धरा. फेस मध्यभागी किंचित खोलगट आला तर ठीक. फुगीर आला तर क्रॉस स्लाइड स्पिंडलला काटकोनात नाही. हे दुरुस्त करणं फार कष्टाचं काम आहे.

हँडलमध्ये अर्धा फेरा प्ले आहे. असा लेथ घ्यावा का?

जरूर घ्या, आणि त्याच्या जोरावर भावही करा. तो स्क्रू आणि नट दोन्ही जाणार आहेत. स्लाइडच्या जिबमधला (सरकण्याचा घट्टपणा ठरवणाऱ्या पट्टीमधला) सैलपणा मात्र वेगळा तपासा. जिब कसल्यावर स्लाइड पूर्ण प्रवासात एकसारखी सरकली पाहिजे, मध्ये अडली आणि टोकाला सैल झाली असं नको.

मूळ स्क्रू ठेवून सॉफ्टवेअरमध्ये बॅकलॅश (स्क्रू-नटमधला प्ले) भरून काढला तर चालेल का?

सुरुवातीला चालेल. लेथ या बाबतीत मिलिंगपेक्षा सहनशील आहे. साध्या टर्निंगमध्ये कटचा जोर टूलला एकाच दिशेने ढकलत असतो, त्यामुळे नट स्क्रूच्या एकाच बाजूला टेकून राहतो आणि प्ले दिसतच नाही.

अडचण येते दिशा बदलते तिथे. चेंडूच्या आकाराचा मूठ-गोळा कापायला घ्या. टूल टोकापासून निघून बाहेर बाहेर येतं, मधल्या जाड जागी थांबतं आणि परत आत वळतं. बरोबर त्या वळणावर प्ले उघडा पडतो आणि गोळ्याच्या पोटावर एक सपाट पट्टा येतो. सॉफ्टवेअर तिथे मोटरला जास्तीच्या पायऱ्यांएवढं फिरवतं खरं, पण नट मोकळा असताना टूलला धरून ठेवणारं काही नसतं.

एक्स अक्षाला, म्हणजे क्रॉस स्लाइडच्या आडव्या चालीला, हे दुप्पट लागतं. ०.०५ मिमीचा प्ले व्यासात ०.१ मिमी होऊन दिसतो. म्हणून एकाच अक्षाला बॉल स्क्रू घ्यायचा असेल तर तो आधी क्रॉस स्लाइडला घ्या.

बॉल स्क्रू बसेल की नाही, हे मशीन घेण्याआधी कसं ओळखायचं?

हा या सगळ्या प्रश्नांतला सर्वांत कामाचा प्रश्न आहे. झेड अक्षाला, म्हणजे सॅडलच्या लांबीच्या चालीला, फारशी अडचण येत नाही. लीड स्क्रू काढला की त्या जागी १६०५, म्हणजे १६ मिमी व्यासाचा आणि फेऱ्याला ५ मिमी सरकणारा स्क्रू, सहज मावतो. खरी कसोटी क्रॉस स्लाइडखाली असते. १६०५ च्या नटचा अंगाचा व्यास २८ मिमी आणि फ्लँजचा ४८ मिमी असतो. मिनी लेथच्या सॅडल आणि स्लाइडच्या मध्ये एवढी जागा नसते. तिथे १२ किंवा १० मिमीचा स्क्रू घ्यावा लागतो आणि तरीही सॅडलमध्ये खाच वाढवावी लागते.

मशीन बघताना क्रॉस स्लाइड पूर्ण बाहेर काढू द्या असं विक्रेत्याला सांगा. मूळ स्क्रूच्या मध्यापासून वर स्लाइडच्या पोटापर्यंत आणि खाली बेडच्या माथ्यापर्यंत किती अंतर आहे ते कॅलिपरने मोजा. सॅडलचं ओतीव लोखंड खाचेच्या बाजूला किती जाड आहे तेही बघा. खाच वाढवून ८-१० मिमी लोखंड उरत नसेल, तर स्लाइड लवचीक होईल आणि बॉल स्क्रूचा फायदा हातचा जाईल.

दोन गोष्टी सांगून ठेवतो. नट स्क्रूवरून कधीही नुसता उतरवू नका, आतले गोळे सगळ्या टेबलावर पसरतात. स्क्रूच्या मुळाच्या व्यासाची नळी टोकाला धरून नट तिच्यावर सरकवायचा. आणि स्क्रूच्या अचूकतेसाठी फार पुढची पायरी घेऊ नका. सी७ वर्गाचा रोल केलेला स्क्रू ३०० मिमीत ०.०५ मिमीच्या आत चुकतो. छोट्या लेथवर एका जॉबसाठी ३०-४० मिमीच सरकायचं असतं, तिथे ही चूक फार कमी उरते. पैसे प्रीलोड असलेल्या (आधीच दाब देऊन प्ले काढलेल्या) नटवर आणि टोकाच्या अँग्युलर कॉन्टॅक्ट बेअरिंगवर घाला. स्क्रू कितीही चांगला असला तरी टोकाचं बेअरिंग पुढे-मागे हललं की सगळं वाया.

मोटर केवढी लागेल?

नेमा २३ किंवा ३४ हे आकडे ताकद सांगत नाहीत, मोटरच्या तोंडाचा आकार सांगतात. टॉर्क वेगळा बघा. एक न्यूटन मीटरचा टॉर्क ५ मिमी लीडच्या (फेऱ्याला ५ मिमी सरकणाऱ्या) बॉल स्क्रूवर सुमारे ११०० न्यूटनचा ढकला देतो, म्हणजे शंभर किलोच्या वर वजनाचा. छोट्या लेथच्या कटला हे पुरून उरतं. पण हा टॉर्क मोटर हळू फिरताना मिळतो. स्टेपर (पायरी-पायरीने फिरणारी मोटर) जोरात फिरला की टॉर्क झपाट्याने उतरतो, त्यामुळे दिसणाऱ्या आकड्याच्या निम्म्यावरच हिशेब करा.

पायऱ्यांचा हिशेब सोपा. साधा स्टेपर फेऱ्याला २०० पायऱ्या घेतो, प्रत्येक पायरीचे दहा भाग, म्हणजे मायक्रोस्टेप, केले की २००० होतात. ४ मिमी लीडवर एक पायरी ०.००२ मिमी, व्यासात ०.००४ मिमी. एक्सला २:१ चा टायमिंग बेल्ट लावला की हे निम्मं होतं, आणि मोटर स्लाइडच्या बाजूला दुमडून बसवता येते म्हणून जागाही वाचते. मायक्रोस्टेपचा आकडा वाढवून अचूकता वाढत नाही, हे मात्र लक्षात असू द्या.

ड्रायव्हरला किती व्होल्ट द्यावेत याचा जुना ठोकताळा असा: मोटरच्या इंडक्टन्सचं मिलीहेन्रीतलं वर्गमूळ गुणिले ३२. इंडक्टन्स २.२५ असेल तर ४८ व्होल्ट. ही वरची मर्यादा समजा आणि ड्रायव्हरची मर्यादा त्याहून कमी असेल तर तीच पाळा.

स्पिंडलची मूळ मोटर ठेवावी का?

वेग आणि ताकद पुरेशी असेल तर ठेवा. २० मिमीच्या नरम पोलादावर कार्बाइड इन्सर्टने (टूलवर बसणाऱ्या, बदलता येणाऱ्या धारेने) मिनिटाला १०० मीटरचा कटिंग स्पीड हवा तर साधारण १६०० आरपीएम लागतात. ५ मिमीच्या ॲल्युमिनियमला तेवढ्याच स्पीडसाठी ६००० च्या वर लागतील. २५०० आरपीएमच्या लेथवर तिथे मिनिटाला ३९ मीटरच मिळतात. चालतं, फक्त टूल धारदार हवं. इन्सर्टमध्येही पॉलिश केलेली, तीक्ष्ण धारेची घ्या. छोट्या लेथला जाड धारेचं इन्सर्ट ढकलवत नाही.

आता धोक्याची गोष्ट, नीट वाचा. ज्या मिनी लेथमध्ये ब्रशवाली डीसी मोटर आणि एससीआरचं स्पीड बोर्ड असतं, त्यांतल्या बऱ्याच बोर्डांवर वेगाच्या नॉबची तार मेनपासून वेगळी केलेली नसते. तिथे थेट कंट्रोल बोर्ड जोडला तर कॉम्प्युटर जळतोच, शिवाय कॉम्प्युटरच्या बॉडीला हात लावणाऱ्यालाही शॉक बसू शकतो. मध्ये ऑप्टो-आयसोलेटेड (प्रकाशातून सिग्नल देऊन दोन्हीकडची वीज वेगळी ठेवणारं) कार्ड घालणं सक्तीचं समजा. तीन फेजची मोटर आणि व्हीएफडी लावणार असाल तर हा प्रश्न येत नाही, कारण त्यांना वेगाच्या इनपुटची सोय वेगळी दिलेली असते. मला विचाराल तर मोटर बदलायचीच असेल तेव्हा व्हीएफडीकडे जा. फक्त कमी आरपीएमला टॉर्क राहावा म्हणून बेल्टची निदान दोन पायऱ्यांची पुली ठेवा.

आटे पाडायचे आहेत. मशीन निवडताना त्यासाठी काय बघू?

स्पिंडलचं मागचं टोक बघा. ते हेडस्टॉकच्या बाहेर किती आलंय? तिथे एन्कोडरची (स्पिंडलची फिरण्यातली जागा वाचणाऱ्या सेन्सरची) चकती किंवा टायमिंग पुली बसायला १५-२० मिमी जागा हवी. चेंज गिअर निघाले की बहुतेक मशीनवर ही जागा मोकळी होते. एन्कोडर बेल्टवर चालवणार असाल तर दातेरी बेल्ट आणि बरोबर १:१ पुली वापरा. साधा व्ही-बेल्ट घसरला की दुसऱ्या पासला आटा चुकला.

आटे पाडणं म्हणजे स्पिंडल आणि झेड यांची जुळलेली पावलं. १.५ मिमी पिचचा आटा ६०० आरपीएमला पाडायचा तर झेडने मिनिटाला ९०० मिमी सरकलं पाहिजे, आणि प्रत्येक पासला स्पिंडलच्या त्याच कोनावरून सुरुवात झाली पाहिजे. मॅक ३ हे कंट्रोल सॉफ्टवेअर फेऱ्याला एक पल्स घेऊन वेगाचा अंदाज बांधतं. लिनक्ससीएनसी हे दुसरं सॉफ्टवेअर पूर्ण क्वाड्रेचर एन्कोडर वाचून स्पिंडलच्या प्रत्यक्ष जागेमागे झेडला पळवतं. स्पिंडल दमदार असेल तर पहिली पद्धतही चालते. कमजोर मोटर कटमध्ये मंदावते आणि मग पिच बिघडतो.

मग कंट्रोलर कोणता?

लेथसाठी मी लिनक्ससीएनसीच्या बाजूने आहे, वरच्याच कारणाने. जी७६ चं थ्रेडिंग सायकल आणि जी९६, म्हणजे व्यास बदलेल तसा आरपीएम आपोआप बदलणारी सोय, दोन्ही त्यात आहेत. जी९६ वापरताना कमाल आरपीएमची मर्यादा घालायला विसरू नका, नाहीतर फेसिंग करताना टूल मध्याकडे गेलं की स्पिंडल वेडा पळतो. जीआरबीएल हे छोट्या बोर्डावर चालणारं सॉफ्टवेअर राउटरसाठी छान आहे, पण त्यात थ्रेडिंग मुळातच नाही. नुसते गोळे, मुठी, बुशिंग करणार असाल तर तेही पुरेल.

नाव घेऊन सांगा ना, कोणतं मशीन?

सीग या चिनी कंपनीच्या घराण्यातला ७×१२ किंवा ७×१४ मिनी लेथ हा सर्वांत मळलेला रस्ता. सुटे भाग सगळीकडे, चक बोल्टवर, भोक २० मिमी. त्याची कच्ची बाजू म्हणजे अरुंद सॅडल आणि क्रॉस स्लाइडखालची अपुरी जागा. पहिल्यांदाच करत असाल तर हाच घ्या, कारण तुम्हाला येणारी प्रत्येक अडचण आधी कोणीतरी सोडवलेली आहे.

शेरलाइन छोटं आहे, स्विंग ९० मिमी, पण नीट बनवलेलं. स्टेपर बसवायला तयार असलेलं रूपही मिळतं. पितळ, ॲल्युमिनियम, घड्याळं, मॉडेल इंजिनचे बारीक भाग यांसाठी ते शोभतं. पोलादाच्या ४० मिमी दांड्यावर त्याला छळू नका. टेगचा साधा लेथ सुंदर आणि साधा आहे, पण त्याचा कॅरेज रॅकवर चालतो, लीड स्क्रू नसतोच. म्हणजे झेडची सगळी रचना तुम्हाला उभी करावी लागेल.

मायफोर्ड सुपर ७ चांगल्या अवस्थेत असेल तर मी तो सीएनसी करणार नाही. हाताने चालवायला इतका चांगला लेथ कापून खाचा पाडायला माझा हात धजत नाही. खराब गिअरबॉक्सचा आणि चांगल्या बेडचा मिळाला तर गोष्ट वेगळी.

आणि एक पर्याय, ज्याकडे लोक बघत नाहीत: १९८० च्या दशकात शिकवण्यासाठी बनवलेले छोटे सीएनसी लेथ, जसं एम्कोचं कॉम्पॅक्ट ५ सीएनसी. त्याचा स्विंग १३० मिमी. त्यांचं इलेक्ट्रॉनिक्स आज मेलेलं असतं आणि म्हणून ते कोपऱ्यात पडून असतात. पण बॉल स्क्रू, मोटरच्या जागा, कीस अडवणारी झाकणं सगळं मुळातूनच आहे. जुने ड्रायव्हर काढून नवे लावले की मेकॅनिकल कामाचे महिने वाचतात. असं मशीन धडधाकट अवस्थेत दिसलं तर बाकी सगळं वाचणं थांबवून ते बघायला जा.

टूल बदलायला टरेट (फिरून टूल समोर आणणारं डोकं) लागतोच का?

नाही. छोट्या लेथला गँग टूलिंग उत्तम: क्रॉस स्लाइडवर एका ओळीत तीन-चार टूल उभी करायची आणि एक्स सरकवून हवं ते समोर आणायचं. यासाठी स्लाइडवर टी-स्लॉट आणि एक्सला भरपूर प्रवास लागतो. मिनी लेथच्या स्लाइडवर टी-स्लॉट नसतात. वर भरीव प्लेट बसवून ते करून घ्यावे लागतात. ड्रिलही त्याच ओळीत बसतं, म्हणून टेलस्टॉक बहुतेक वेळ काढूनच ठेवला जातो. जॉबचा व्यास मात्र शेजारच्या टूलला न लागेल एवढाच हवा. मोठ्या व्यासाला क्विक चेंज टूल पोस्ट आणि हाताने बदलणं बरं.

हँडल ठेवून दोन्ही पद्धतींनी चालवता येईल का?

बॉल स्क्रू लागला की हाताने चालवण्यात पूर्वीची गंमत राहत नाही. बॉल स्क्रू स्वतःहून अडून राहत नाही, कटच्या जोराने हँडल मागे फिरू शकतं. शिवाय मोटर फिरताना हँडलचा दांडा बाही पकडतो. इलेक्ट्रॉनिक हँडव्हील लावा आणि मोटरमार्फतच हलवा. शुद्ध हाताचं काम आवडत असेल तर दुसरा लेथ ठेवलेला बरा.

वायरिंगसाठी मशीनमध्ये काय बघावं?

कंट्रोल बॉक्स चकच्या पातळीच्या वर आणि मशीनपासून वेगळा ठेवता येईल अशी जागा. लोखंडाचा बारीक कीस पंख्यातून आत गेला की ड्रायव्हर शॉर्ट होतो. स्पिंडलच्या मोटरची तार आणि एन्कोडरची तार लांब लांब न्या, एन्कोडरला शील्ड असलेली केबल घ्या. इमर्जन्सी स्टॉपने स्पिंडल आणि अक्ष दोन्हींचा पुरवठा तुटला पाहिजे. नुसता सॉफ्टवेअरला निरोप देणारा स्टॉप पुरेसा नाही.

मशीन घरी आलं. लगेच उघडू का?

थांबा. आधी महिनाभर ते हाताने चालवा. कुठे अडतं, कुठे हलतं, कुठल्या कटला चॅटर येतं ते कळू द्या. नंतर दोष आला तर तो मोटरचा की लेथचा, हे ओळखायला हाच अनुभव लागतो. त्याच महिन्यात स्क्रूच्या टोकांचे बेअरिंग ब्लॉक, मोटरचे स्पेसर, कपलिंग, एन्कोडरची पुली असे लेथवर होणारे सगळे भाग करून ठेवा. मी पहिल्या वेळी उत्साहात क्रॉस स्लाइड आधी काढली आणि दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की बेअरिंग ब्लॉकचं बोअरिंग करायला माझ्याकडे लेथच नाही. सगळं पुन्हा जोडावं लागलं, जिब पुन्हा बसवावी लागली आणि त्यात तीन आठवडे गेले. एक्सचा ब्लॉक, झेडचे दोन्ही ब्लॉक आणि पुली टेबलावर मांडलेल्या दिसल्या की मगच पहिला बोल्ट सोडा.